नेट बूस्टरनं मामांचं नेट हळू केलं

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. मामा रत्नागिरीजवळ राहतात, रिटायर झालेत, थोडी आंब्याची बाग आहे. म्हणाले, "अरे, ते यूट्यूब झकास चालतंय. पण एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली की जेवण करून आलो तरी अर्ध्यावरच. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे."

मी विचारलं, "मामा, लॅपटॉपमध्ये हल्ली काही केलंत का?"

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "ग्रुपवर एक फाइल आली होती. नेट बूस्टर."

मागवून घेतली मी ती फाइल. आज तीच उघडू या.

(स्क्रीनवर नोटपॅड)

राइट क्लिक करून एडिट. डबल क्लिक नाही हं, डबल क्लिक मामांनी केलं होतं. आत अकरा ओळी आहेत. अशा सगळ्या फायलींत थोड्याफार फरकानं हाच मसाला असतो.

पहिली ओळ डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, कॅशे साफ करते. विंडोजनं वेबसाइटचे पत्ते लक्षात ठेवलेले असतात, ते पुसले. एखाद्या साइटचा पत्ता बदललाय आणि ती उघडतच नाहीये, तर याचा उपयोग होतो. एरवी काय होतं, तर तेच पत्ते पुन्हा विचारत बसावं लागतं. पुढच्या ओळीत डीएनएस बदलून गूगलचा ८.८.८.८ केलाय. वाईट काही नाही त्यात. नेटवाल्याचा डीएनएस रडत असेल, तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल. पण पत्ता एकदा कळला की डीएनएसचं काम संपलं, त्यानंतर फाइल किती वेगानं येते याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता आपली सगळ्यांची लाडकी ओळ. "विंडोज तुमचं २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं!" आणि ही ओळ म्हणे ते सोडवते. हे मी कॉलेजात असताना ऐकलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण मीही वर्गातल्या दहा जणांना करून दिलं होतं. क्यूओएस नावाची एक सोय आहे. एखाद्या प्रोग्रॅमनं मागणी केली, की माझ्यासाठी जागा धरून ठेव, तर जास्तीत जास्त किती जागा धरायची याची ती मर्यादा आहे. कुणी मागितलंच नाही, तर शंभरच्या शंभर टक्के तुमचेच. मागून वापरलं नाही, तरी ते बाकीच्यांना मिळतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीच्या काळातच हे स्पष्ट केलं होतं. अफवेला मात्र अजून मरण नाही.

आता सातवी ओळ बघा. मामांचं नेट इथे मेलं.

(झूम: ऑटोट्यूनिंग डिसेबल्ड)

इथे जरा थांबू या. कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

मामांची बाग आहे म्हणून बागेचंच उदाहरण घेतो. समजा, तुम्ही रत्नागिरीहून वाशीच्या मार्केटला आंबा पाठवताय, प्लॅस्टिकच्या क्रेटमधून. तुमच्याकडे क्रेट आहेत फक्त ६०. ते भरून पाठवले, आता रिकामे क्रेट परत येईपर्यंत काय करणार? बसून राहणार. सरकारनं हायवे चौपदरी केला, आठपदरी केला, तरी तुमचा माल वाढणार नाही. अडचण रस्त्याची नाहीच, क्रेटची आहे.

टीसीपीचं, म्हणजे बहुतेक डाउनलोड ज्या पद्धतीनं येतात तिचं, असंच चालतं. सर्व्हर थोडा डेटा पाठवतो आणि तुमच्या कॉम्प्युटरकडून पोच येण्याची वाट बघतो. पोच न येता किती डेटा वाटेत असू शकतो, हे तुमचा कॉम्प्युटर सांगतो. त्याला म्हणतात रिसीव्ह विंडो. हेच तुमचे क्रेट. व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, विंडोज हे क्रेट गरजेप्रमाणे स्वतःच वाढवतं. लाइन मोठी असेल, सर्व्हर लांब असेल, तर जास्त क्रेट. ऑटोट्यूनिंग म्हणजे हेच. ते बंद केलं की विंडो अडकते ६५,५३५ बाइट्सवर, म्हणजे साधारण ६४ केबी.

आता गणित. सर्व्हर मुंबईत आहे, जाऊन येऊन २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ५० खेपा. ५० गुणिले ६४ केबी, एका बाइटचे आठ बिट म्हणून गुणिले ८, झाले साधारण २६ एमबीपीएस. मामांचा प्लॅन आहे २००चा! आणि सर्व्हर अमेरिकेत असेल, २०० मिलिसेकंदांवर, तर सेकंदाला खेपा फक्त पाच. मग वेग उरतो २.६ एमबीपीएस. मामा उतरवत होते लिनक्सची फाइल, आणि ती तिकडूनच येत होती. (हो, माझे मामा लिनक्स उतरवतात. बूस्टर चालवतात आणि लिनक्सही उतरवतात.)

मग यूट्यूब कसं चालत होतं? क्रोममध्ये यूट्यूब बहुतेक वेळा क्विक नावाच्या प्रोटोकॉलवरून येतं. ते टीसीपीऐवजी यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर चालतं, स्वतःचे क्रेट स्वतः सांभाळतं, विंडोजच्या या सेटिंगला विचारत नाही. आणि स्पीड टेस्ट एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडते. दहा जणांनी प्रत्येकी ६० क्रेट आणले, तर ६०० झाले ना. म्हणून टेस्ट चांगली दिसते. नेटवाला खोटं बोलत नव्हता बिचारा.

उपाय एका ओळीचा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि ऑटोट्यूनिंग परत नॉर्मल करायचं. कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिलीय, तिथून कॉपी करा.

पण मग असल्या फायली जन्माला तरी का आल्या? कारण एके काळी त्या खऱ्या होत्या. एक्सपी आलं २००१मध्ये, आणि त्यात नेहमीच्या नेटवर्क कार्डावर ही विंडो होती फक्त १७,५२० बाइट्स. त्या काळात २ एमबीपीएसचं ब्रॉडबँड घेऊन अमेरिकेतून काही उतरवलं, तर अर्धा एमबीपीएस मिळायची मारामार. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, तो आकडा वाढवला की डोळ्यांदेखत फरक पडायचा. त्या आधी डायलअपवर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा (पॅकेटचा) कमाल आकार, ५७६ बाइट्स करायचे लोक, मोडेमच्या त्या किंकाळ्या ऐकत. ते शहाणे लोक होते. त्यांची औषधाची चिठ्ठी आपण २० वर्षांनी दुसऱ्याच पेशंटला देतोय, एवढंच.

आणखी एक ओळ आहे, नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स. हीसुद्धा व्हिस्टाची देणगी. गाणं किंवा व्हिडिओ चालू असताना तो अडखळू नये म्हणून बाकीच्या नेटवर्कला मिलिसेकंदाला दहा पॅकेटची मर्यादा. १,५०० बाइट्सचं एक पॅकेट धरलं तर हे होतात १२० एमबीपीएस. २००७मध्ये यावर बराच गदारोळ झाला होता. ही ओळ ती मर्यादा काढून टाकते. गिगाबिट, म्हणजे १,०००ची, लाइन असेल तर करून बघा हवं तर. तुमचा प्लॅन १००चा असेल, तर हा ब्रेक लागायची वेळच येत नाही.

आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, बंद करणारी ओळही आहे. ती उलटी फिरवा, विषय संपला.

तर, ऑटोट्यूनिंग नॉर्मल केलं. मामांना म्हटलं, वायफायचा घोळ नको, केबल लावून बघा. वेग आला ९४.

९४! हा आकडा लक्षात ठेवा. ९२, ९४, ९५ अशा आकड्यावर डाउनलोड गच्च चिकटून बसलं, की समजायचं, वाटेत कुठेतरी १००ची लाइन आहे. सगळा वरखर्च वजा जाऊन त्यातून एवढंच मिळतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, आणि तिथे लिंक स्पीड बघा. मामांकडे होतं १००/१००. पोर्ट दोन्हीकडचे गिगाबिट.

मग व्हिडिओ कॉलवर केबलचं टोक कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. पारदर्शक जॅक असतो तो, आतल्या रंगीत तारा दिसतात. आठ असायला हव्यात. मामा मोजताहेत, "एक, दोन, तीन, चार... अरे, चारच आहेत रे!" लावणाऱ्यानं चारच तारा क्रिंप केल्या होत्या, उरलेल्या कापून टाकल्या होत्या. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कितीही रजिस्ट्री उकरा, कापलेली तार जोडली जात नाही. नवी केबल आली, आणि वेग १९०च्या पुढे.

पण एक तक्रार राहिलीच. संध्याकाळी मामी पुण्याला लेकीशी व्हिडिओ कॉल करतात, तो मध्येच गोठतो. त्यांच्या प्लॅनला अपलोड आहे २०च्या आसपास, आणि मामांचा लॅपटॉप नेमका त्याच वेळी बागेचे फोटो वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात, चढवत असतो. राउटरमध्ये त्या फोटोंची रांग लागते आणि कॉलची पॅकेट त्या रांगेत मागे उभी. याला बफरब्लोट म्हणतात. रांग नीट लावणारे राउटर मिळतात, एसक्यूएम असा पर्याय असतो त्यात, पण नेटवाल्यानं फुकट दिलेल्या डब्यात तो बहुतेक नसतो.

आणि इथे मात्र लॅपटॉपमधलीच एक सेटिंग कामाला आली. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोडचा वेग बांधता येतो. आम्ही सेकंदाला १,००० केबी ठेवला, म्हणजे ८ एमबीपीएस. विंडोज अपडेटमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं, तेही बघून घ्या. तुमच्याकडे उतरलेले अपडेट इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरना पुरवायची मुभा तिथे चालू असेल, तर बंद करा.

मामींचा कॉल आता गोठत नाही. फोटो चढायला वेळ लागतो, त्यावर मामा कुरकुरताहेत, आणि कालच त्यांनी मला विचारलं, अपलोडचा बूस्टर मिळतो का.