विचारून सांगतो

कोथरूडमध्ये भाड्याचं घर शोधायला निघालात की ब्रोकरचे प्रश्न ठरलेले असतात. फॅमिली का बॅचलर? व्हेज का नॉनव्हेज? आणि मग, पेट आहे का? पहिल्या दोन्हींत पास झालेली माणसं इथे अडकतात. "हो, कुत्री आहे," म्हटलं की पलीकडून येतं, "मालकांना विचारून सांगतो." तो फोन पुन्हा येत नाही.

असेच अडकलेले एक काका-काकू, इथल्याच डहाणूकर कॉलनीतले. आयुष्यभर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहिले, भाडेकरू कधी नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, बांधकामाला जास्त चटईक्षेत्र मिळू लागलं आणि इथल्या जुन्या तीन मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या. बिल्डर दरमहा भाडं देतो, सामान हलवायचा खर्च देतो. घर मात्र ज्याचं त्याने बघायचं. अख्खी इमारत एकाच वेळी, त्याच चार गल्ल्यांमध्ये जागा शोधत फिरते. मालकांना भाडेकरूंची वानवा नाही. मग कुत्रेवाले कशाला घ्या?

त्यात काका-काकूंची कुत्री, चिंगी, गावठी. पग किंवा शित्झू असता तर एखाद्याने "बघू" तरी म्हटलं असतं. 'गावठी' ऐकलं की समोरच्याचा आवाजच बदलतो. खरं तर आपली हवा याच कुत्र्यांना सोसते, पण मालकाला हे पटवून देणार कोण?

नकार देणारे बहुतेक जण सोसायटीचं नाव पुढे करतात. "आमची काही हरकत नाही हो, सोसायटीत चालत नाही." आता भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. इमारतीत राहणाऱ्यांवर कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, सभेत बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. भुंकणं हे बंदीला पुरेसं कारण धरता येत नाही. कुत्रं साखळीला बांधून न्या, घाण उचला, लस द्या, अशी विनंती करता येते. आणि ती योग्यच आहे. आपल्या कुत्र्याची घाण शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये सोडणाऱ्यांनी बाकीच्या कुत्रेवाल्यांचं फार नुकसान केलंय.

पण या सूचना सोसायटीसाठी. फ्लॅट ज्याचा, त्याने करारातच "पाळीव प्राणी नको" लिहिलं, तर तुम्ही त्यांच्यातलं एक अक्षर त्याला दाखवून उपयोग नाही. म्हणूनच सोसायटीचं नाव सोयीचं पडतं. नाही म्हणायचं मालकाला असतं, वाईटपणा चेअरमनच्या माथी जातो.

मालकाची भीती कशाची, ते काकूंच्या जुन्या घराच्या दारावर बघायला मिळतं. आतल्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सनमायका नखांनी खरवडलाय. मधोमध पांढरे ओरखडे, कडेला एक टवका उडालेला. काकू बाहेर गेल्या की चिंगी इथे उभी राहते. भाड्याच्या घरात हे दार म्हणजे डिपॉझिटमधून कापलेले पैसे. त्यामुळे जाणते लोक राहायला जाण्याआधी दाराखिडक्यांचे फोटो काढून मालकाला पाठवतात आणि दाराच्या खालच्या भागाला ॲक्रिलिकची शीट चिकटवून घेतात.

मांजरवाल्यांचं वेगळंच. ते बरेचदा सांगतच नाहीत. मांजर खाली फिरायला न्यावं लागत नाही, खिडकीला कबुतरांची जाळी आधीच असते, कोण विचारतंय? मालक अचानक टपकेपर्यंत सगळं ठीक. तोंडी होकारही तितकाच कच्चा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. तेव्हा थंब घ्यायला माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो, त्याच वेळी प्राण्याची ओळ अटींमध्ये घालून घ्यावी. नंतर कोणी दाद देत नाही.

काकांना घर मिळालं ते ब्रोकरकडून नाही, म्हातोबा टेकडीवर. तिथे सकाळी येणारी माणसं एकमेकांना कुत्र्यांच्या नावाने ओळखतात. त्यातल्याच एकाच्या बहिणीचा फ्लॅट रिकामा होता. पहिला मजला, लिफ्टच नाही, म्हणजे लिफ्टवरून भांडण नाही. मालकीणबाईंनी चिंगीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ओरबाडू दे दारं. आमचीही बिल्डिंग पडायचीच आहे."

करार ११ महिन्यांचा झाला. चिंगीची एक ओळ अटींमध्ये आली. तिच्या खाली बाईंनी स्वतःची एक घालून घेतली: बिल्डरचं पत्र आलं की दोन महिन्यांत जागा रिकामी करायची.