पाऊस खाली, उष्णता वर

17 मे 2021. तौक्ते वादळ मुंबईला बाजूला ठेवून समुद्रातूनच वर गुजरातकडे चाललेलं, आणि इकडे ठाण्यात सकाळपासून असला वारा की घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या खिडक्या नुसत्या शिट्ट्या मारत होत्या. आमच्याकडची लाइट गेली ती रात्रभर आलीच नाही.

वादळ इथे धडकलंच नाही मग एवढा पाऊस कुठून? रडारवर बघितलं तर वादळ म्हणजे एक गोळा नसतो, जिलबीसारखे पट्टे असतात, आणि बाहेरचा पट्टा पार लांबच्या शहरालाही झोडपून जातो.

रडार मायक्रोवेव्ह लहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून किती परत आल्या ते मोजतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारा सिग्नल 64 पट, म्हणून मोबाइलवर रडारच्या चित्रात लाल डाग दिसला की समजायचं तिथे टपोरे थेंब आहेत (किंवा गारा, रडार फसतंही). डॉपलर प्रकारचं रडार असेल तर थेंब जवळ येतायत की लांब जातायत तेही कळतं. आणि अँटेना थोडी थोडी वर करत फिरवली की अख्खा ढग उभा कापल्यासारखा दिसतो. साधारण 5 किलोमीटर उंचीवर बर्फ वितळतो, शांत रिपरिप पावसात तिथे एक चकचकीत पट्टी उमटते. उसळणाऱ्या ढगात ती पट्टी नसते, तिथे हवा सगळं ढवळून वर नेत असते.

खोल समुद्रात मात्र किनाऱ्यावरचं रडार पोचत नाही, पृथ्वी गोल पडली ना. म्हणून 1997 मध्ये ट्रम उपग्रहावर पाऊस बघणारं पहिलं रडार अवकाशात गेलं.

आता माझा आवडता हिशोब. एक चौरस किलोमीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. तेवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती साधारण 7 लाख युनिट विजेएवढी. 100 मिलिमीटर पडला तर 7 कोटी युनिट, तेही एकाच चौरस किलोमीटरवर, आणि आम्ही खाली मेणबत्ती शोधतोय!

ही उष्णता वरच राहते. वादळाच्या पोटातली हवा तापते, हलकी होते, खाली हवेचा दाब कमी होतो, वारा आणखी जोरात आत येतो आणि समुद्रावरून आणखी वाफ ओढून आणतो. ढगाचं डोकं 15-16 किलोमीटरवर जाऊन अडतं आणि आडवं पसरतं, शेकडो किलोमीटर, बारीक बर्फाची पातळ चादर, जी खालून वर जाणारी उष्णता धरून ठेवते. ती चादर आपल्या पावसाच्या रडारला जवळपास दिसतच नाही, कण फारच बारीक, तिथे सॅटेलाइटच लागतो.