साडीचा फोटो पाठवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. घरबसल्या साड्या विकणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: आपल्या फोनवर काठ कसा लखलखीत दिसतो, आणि पोस्ट टाकली की जरीचा नुसता चिखल. बहुतेक वेळा कॅमेरा निर्दोष असतो. फोटो लहान करायचं काम आपण अ‍ॅपवर सोडलेलं असतं, आणि अ‍ॅपला काळजी डेटा वाचवण्याची, तुमच्या काठाची नव्हे. म्हणून फोटो आपणच लहान करून द्यायचा.

आधी मूळ फोटोची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका. फोटो सहसा ज्या फाइलमध्ये साठवतात, त्या जेपेग प्रकारात चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून बारकावे गाळले जातात. फोटो बदलून सेव्ह केला की पुन्हा थोडे गळतात. तेव्हा कापणं, रंग, आकार सगळं एका बैठकीत उरका आणि शेवटी एकदाच सेव्ह करा.

आता आकडे, हवे तर टिपून घ्या. १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो म्हणजे साधारण ३००० बाय ४००० ठिपके. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला ४ ला ५ हे प्रमाण चालतं, म्हणून वरखालचं थोडं कापून ३००० बाय ३७५० करा. मग ते १०८० बाय १३५० वर आणा. इथेच खरी गंमत आहे. मुळातल्या जवळजवळ आठ ठिपक्यांचा मिळून आता एक ठिपका होणार. प्रोग्रामने त्या आठांतला एकच उचलला आणि बाकीचे टाकले, तर जरीच्या तिरक्या धाग्याला पायऱ्या पडतात आणि काठावर नसलेल्या लाटा उमटतात. गिंप हा मोफत प्रोग्राम वापरत असाल, तर ‘स्केल इमेज’च्या चौकटीत ‘इंटरपोलेशन’समोर, म्हणजे नवा ठिपका कसा ठरवायचा तिथे, एकच ठिपका उचलणारं ‘नन’ नको, आसपासचे ठिपके मिसळणारं ‘क्यूबिक’ हवं. रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली ठेवा, नाहीतर पदर ताणल्यासारखा दिसेल. लाटा मूळ फोटोतच असतील तर मात्र इलाज नाही. कॅमेरा थोडा मागे घेऊन किंवा तिरका धरून फोटो पुन्हा काढा.

लहान केल्यावर फोटो जरा मऊ पडतो. तेव्हा ‘शार्पन’ द्यायचं ते आकार बदलल्यानंतर, आणि तेही चिमूटभर. काठाच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली की जास्त झालं समजा. डीपीआय, म्हणजे इंचामागे किती ठिपके, ७२ की ३०० यावर लोक उगाच वाद घालतात. तो आकडा छपाईचा. पडद्यावर त्याने काडीचा फरक पडत नाही.

जेपेगची क्वालिटी ८० ते ८५ पुरते. रंगाचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद, एसआरजीबी ठेवा. काही फोन त्याहून रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतात, आणि पलीकडच्या अ‍ॅपने ते प्रोफाइल वाचलं नाही तर राणी रंग फिका दिसतो. मग साडी परत येते, ‘फोटोत वेगळी होती’ म्हणून! शिवाय जेपेग उजेडापेक्षा रंगाचे तपशील सहसा जास्त गाळतो, त्यामुळे लाल पोतावरची लाल-हिरवी बुट्टी फिसकटते. स्वतःच्या वेबसाइटसाठी फोटो असेल तर एक्स्पोर्ट करताना ‘सबसॅम्पलिंग’मध्ये ४:४:४ निवडा, म्हणजे रंगाचे तपशील असे जास्त गाळले जात नाहीत. फाइल थोडी जड होते, पण बुट्टी वाचते. अ‍ॅपसाठी हा खटाटोप करू नका. ते फाइल पुन्हा दाबतंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकाला काठ नीट दाखवायचा असेल, तर एचडी निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंटला अ‍ॅप हात लावत नाही. पण मग फोटोत दडलेली माहितीही जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर फोटो जिथे काढला त्या घराचे अक्षांश-रेखांशसुद्धा. या दडलेल्या माहितीला ‘एक्झिफ’ म्हणतात. म्हणून एक्स्पोर्ट करताना ‘एक्झिफ’समोरची खूण काढा, आणि फोनच्या कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी साड्यांचे फोटो काढायच्या आधीच बंद करून ठेवा.