जुने गॅसचे पिस्तूल आणि गोव्याची हवा

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित जिज्ञासू मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर गळणाऱ्या झडपेची दुरुस्ती असा विषय छापलेला आहे आणि तो मी सांगणारच आहे. मात्र ज्या एका विचारासाठी फोंड्याच्या या सभागृहात बोलण्याचे मी मान्य केले, तो आधी मांडण्याची अनुमती असावी. जुन्या एअर पिस्तुलातले रबराचे आणि प्लास्टिकचे सील, म्हणजे सांध्यांतून वायू सुटू न देणारी कडी, झिजण्यासाठीच बसवलेले असतात आणि ते बदलल्याने वस्तूच्या जुनेपणाला बाध येत नाही. त्याचे अंग, त्यावरचा मूळ रंग आणि उठावाची अक्षरे मात्र एकदा गेली की पुन्हा मिळत नाहीत. आपल्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली नेमके उलटे होते: अंग घासून चकचकीत केले जाते आणि कडक झालेले सील आत तसेच राहते.

कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारी शस्त्रे नवी नाहीत. फ्रान्समधील पॉल जिफार याने एकोणिसाव्या शतकातच अशा बंदुका बनवल्या होत्या. तथापि हा प्रकार सर्वसामान्यांच्या हाती आला तो 1950च्या दशकात, जेव्हा अमेरिकेतील क्रॉसमन कंपनीने मुठीत बसणारी, एकदा वापरून टाकून देण्याची छोटी नळकांडी बाजारात आणली. आज या नळकांड्यात 12 ग्रॅम द्रवरूप वायू असतो. पिस्तुलातली सुई नळकांड्याचे तोंड फोडते, वायू झडपेच्या कोठडीत भरतो, चाप ओढल्यावर आतला हातोडा झडपेच्या दांड्यावर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि सुटलेला वायू छर्ऱ्याला नळीतून बाहेर ढकलतो.

माझ्या परिचयातील एका तारवटी कुटुंबाकडे याच कंपनीचे मार्क टू हे पिस्तूल आहे. 1966 साली बाजारात आलेले हे मॉडेल 4.5 मिलिमीटर व्यासाचे असून त्याचा हातोडा मागे ओढण्याचा खटका दोन टप्प्यांवर बसतो; पहिल्या टप्प्यावर कमी जोर आणि दुसऱ्यावर पूर्ण जोर मिळतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बोटीवरच्या नोकरीच्या काळात ते आणले, अनेक वर्षे ते कपाटात राहिले आणि गॅस टिकेना म्हणून मुलाने ते एका कारखान्यात दिले. तिथे जे झाले ते मी विस्ताराने सांगणार आहे, कारण तसे या प्रदेशात इतरही वस्तूंचे होत आहे.

कारागिराने प्रथम पिस्तूल बफिंगच्या चाकावर धरले. त्याचे अंग पोलादी नाही. ते साच्यात ओतलेल्या जस्तमिश्र धातूचे असून त्यावर काळा रंग होता. तो रंग संपूर्ण निघाला, कडा गोल झाल्या, कंपनीच्या नावाची अक्षरे बोटाला जेमतेम जाणवतील इतकी बोथट झाली, आणि वस्तू चांदीसारखी चमकू लागली. घरच्यांना ती फार आवडली. पुढे पावसाळा आला. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवेतील दमटपणा अनेकदा 90 टक्क्यांच्या घरात असतो आणि किनाऱ्याजवळ त्यात मीठ मिसळलेले असते. उघड्या जस्तावर अशा हवेत पांढरी भुकटी धरते, तशी ती मुठीच्या खाचांत आणि चापाच्या कडीखाली धरली. जो रंग त्यांनी जुनाट म्हणून काढून टाकला, तोच इतकी वर्षे या धातूचे रक्षण करत होता! गळती थांबवण्यासाठी त्यांनी नळकांड्याची जागा बंद करणाऱ्या टोपीच्या आट्यांवर नळजोडणीची पांढरी टेप गुंडाळली होती. तिचे तंतू तुटून झडपेच्या बैठकीवर, म्हणजे झडप बंद होताना जिथे टेकते तिथे, अडकले आणि पूर्वी एका ठिकाणाहून सुटणारा गॅस दोन ठिकाणांहून सुटू लागला. हे सारे ज्या वर्तुळाकार सीलमुळे घडले, त्याला कोणीही हात लावला नव्हता.

ओघात एक सांगायला हवे. जस्तमिश्र धातूत शिशाची अशुद्धी असेल, तर दमट हवेत तो धातू आतूनच कणाकणांनी फुटत जातो. हा दोष अभियंत्यांनी ओळखल्यामुळेच 1929 मध्ये अतिशुद्ध जस्तापासून झामॅक नावाची मिश्रणे तयार झाली. जुन्या वस्तूच्या अंगावर बारीक तडे किंवा फुगवटा दिसला, तर तिच्यात दाबाचा गॅस कधीही भरू नये; ती केवळ जपून ठेवावी.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा झडपेकडे वळतो आणि जे आवश्यक आहे तेवढेच सांगतो.

पिस्तूल उघडण्यापूर्वी छर्रा नाही आणि गॅस पूर्ण सुटला आहे, याची खात्री करावी. गळती शोधताना डोळ्यांना चष्मा लावून, नळी सुरक्षित दिशेला धरून, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. टोपीजवळ बुडबुडे आले तर तिथले सील गेले आहे; नळीच्या तोंडातून वायू येत असेल तर झडपेची बैठक खराब आहे. बैठकीवर केवळ कचरा असेल तर ती मऊ कापडाने पुसावी, कानस लावू नये.

साध्या नायट्राइल रबरात दाबाखाली हा वायू मुरतो, रबर फुगते, आणि दाब एकदम सुटला तर त्यावर फोड येतात. त्यामुळे पॉलियुरेथेनचे किंवा अधिक कठीण नायट्राइलचे सील घ्यावे आणि बसवताना त्यावर तेलाचा हलका थर द्यावा.

आपले हवामान इथेही विसरून चालणार नाही. 20 अंश सेल्सिअसला या नळकांड्यातला दाब सुमारे 57 बार असतो, 30 अंशांना तो 72 बारच्या आसपास जातो, आणि 31 अंशांच्या वर तर आत द्रव उरतच नाही. वैशाखातल्या दुपारी हातोड्याला झडप उघडेनाशी होते, तेव्हा मालक झडप बिघडली असे समजतात. पिस्तूल सावलीत ठेवून थंड होऊ द्यावे आणि मगच पुन्हा पाहावे. भरलेली नळकांडी उन्हातल्या मोटारीत कधीही ठेवू नयेत. उलट, सलग छर्रे सोडले की बाष्पीभवनाने नळकांडे गार पडते आणि जोर कमी होतो. तोही बिघाड नव्हे.

कायद्याचेही एक वाक्य. 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास किंवा 20 जूलपेक्षा अधिक ऊर्जा असलेल्या एअर शस्त्राला आपल्याकडे परवाना लागतो. त्यामुळे याच कंपनीचे 5.5 मिलिमीटरचे मार्क वन कोणाकडे असेल, तर दुरुस्तीपूर्वी त्याची कागदपत्रे पाहावीत.

या कुटुंबाच्या पिस्तुलाला मी पुन्हा रंग दिलेला नाही. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने काढून मेणाचा पातळ थर दिला आहे, म्हणजे पुढे कोणाला मूळ काळ्या रंगाचा अधिक चांगला उपाय सापडला तर तो थर सहज काढता येईल. आत नवी सील बसवली आहेत, गॅस टिकतो आहे. काढलेली सील, त्यांची मापे आणि टेपचे तंतू एका पाकिटात घालून पिस्तुलाबरोबर दिले आहेत, कारण ही सीलही काही वर्षांनी बदलावी लागतील आणि त्या वेळी मापे शोधत बसावे लागू नये.