चार चॅनेल, एकच क्षण

टेबलावर डावीकडे डीसी पुरवठा आहे, मध्ये डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर आहे आणि उजवीकडे तीन फेजची मोटर असून तिच्या शाफ्टला ब्रेक जोडला आहे. इन्व्हर्टरमध्ये किती शक्ती वाया जाते याची ही चाचणी पाहायला येणाऱ्यांचे डोळे फिरणाऱ्या मोटरवर खिळतात. मागे ठेवलेल्या चार चॅनेलच्या पॉवर मीटरकडे त्यांचे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

मीटरचे पहिले चॅनेल डीसी बाजूला आणि उरलेली तीन मोटरच्या तीन फेजना जोडली जातात. तंत्रज्ञ टर्मिनलचा स्क्रू आवळून वायर हलकेच ओढून पाहतात आणि वायरभोवती बसणारा, प्रवाह मोजणारा क्लॅम्प मिटण्यापूर्वी त्यावरचा बाण लोडच्या दिशेने आहे ना, याची खात्री करून घेतात, कारण बाण उलटा राहिला तर त्या फेजचे वॅट उणे दिसतात. डीसी बाजूला मात्र असा साधा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) चालत नाही. त्याला केवळ बदलता प्रवाह कळतो, म्हणून तेथे शंट, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत बसवलेला अगदी लहान रोध, वापरला आहे.

समजा, इन्व्हर्टरने १००० वॅट घेतले आणि ९७० वॅट मोटरला दिले, तर मधले ३० वॅट उष्णतेत गेले. दोन्ही रीडिंगमध्ये प्रत्येकी अर्ध्या टक्क्याची चूक असेल आणि त्या चुका एकमेकींच्या उलट दिशेने गेल्या, तर हाच तोटा २० किंवा ४० वॅटही दिसू शकतो. त्यातच एकच मीटर आधी इनपुटला आणि मग आउटपुटला लावला, तर मधल्या काळात बदललेला लोडही त्या वजाबाकीत शिरतो. चारही चॅनेल व्होल्टेज आणि प्रवाह एकाच क्षणी टिपतात, प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेज-प्रवाहाचा गुणाकार करून त्या गुणाकारांची सरासरी काढतात, म्हणून निदान ही दुसरी चूक टळते.

तीन वायरींची शक्ती मोजायला दोन वॅटमीटर पुरतात, हे फ्रेंच अभियंते आंद्रे ब्लोंदेल यांनी १८९३ मध्येच मांडले होते. मग मोटरच्या बाजूला तिसरे चॅनेल कशाला, असे खर्चाचा हिशोब पाहणारे विचारतात, आणि प्रश्न रास्तही आहे. पण इन्व्हर्टरचे आउटपुट म्हणजे सेकंदाला हजारो वेळा तुटणारे स्पंद असतात. त्यांच्यातून थोडा प्रवाह मोटरच्या बॉडीमार्गे अर्थिंगमध्ये जातो आणि तीनच वायरी आहेत, हे गृहीतक डळमळते.

इन्व्हर्टरची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक केवढा घ्यायचा हे या तोट्यावरून ठरते आणि बॅटरी किती चालेल हेही त्यावर अवलंबून असते.

आता लोड वाढवला आहे आणि पडद्यावरचे चारही आकडे एकदम सरकले आहेत. मोटरच्या वेटोळ्यांतील तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढत असल्याने मोटर तापून स्थिरावेपर्यंत तंत्रज्ञ वहीत काहीच लिहीत नाहीत.