इन्सब्रुकचं सोनेरी छप्पर

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रियात, आल्प्सच्या कुशीत इन्सब्रुक नावाचं शहर आहे. इन नदीवरचा पूल, असाच त्या नावाचा अर्थ. तिथल्या जुन्या पेठेत एका घराला पुढे आलेला सज्जा आहे आणि त्यावर सोन्यासारखं झळकणारं छप्पर. गावकरी त्याला लाडानं 'गोल्डनेस डाखल' म्हणतात, म्हणजे इवलंसं सोनेरी छप्पर.

ते भरीव सोन्याचं नाही. अडीच हजारांहून जास्त तांब्याची कौलं आहेत, त्यांवर सोन्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून कौलावर फासायचं आणि तापवायचं. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनं तांब्याला धरून राहतं. ती विषारी वाफ ज्यांच्या छातीत गेली असेल, त्या कारागिरांची आठवण मला आधी येते.

सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियननं १५०० साली हे काम पुरं करून घेतलं. सज्ज्यात बसून चौकातले खेळ आणि सोहळे बघायचे. खालच्या शिल्पात तो दोन राण्यांसोबत आहे: घोड्यावरून पडून गेलेली मेरी आणि नंतरची बियांका मारिया. बाजूला अंग पिळवटून नाचणारे नर्तक. त्यांच्या वळलेल्या मनगटांवरून नजर हलत नाही.

एवढा थाट, पण राजा कर्जात. जवळच्या श्वाझच्या खाणीतली चांदी निघण्याआधीच आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडे गहाण पडायची. असं सांगतात, की १५१८ साली इन्सब्रुकच्या खानावळवाल्यांनी जुनी बिलं थकली म्हणून त्याच्या लवाजम्याला थारा दिला नाही. पुढच्याच जानेवारीत तो वेल्स गावी वारला. शहरात त्याची भव्य समाधी आहे, आत तो नाही.

पण याच छपरासमोरचा आणखी एक दिवस सांगायलाच हवा. २५ फेब्रुवारी १५३६. याकोब हुटर नावाच्या टोपीवाल्याला या चौकात जिवंत जाळलं. बाप्तिस्मा जाणत्या वयात, समजून घ्यावा आणि मालमत्ता सगळ्यांची मिळून असावी, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा सत्ता होती मॅक्सिमिलियनच्या नातवाची, फर्डिनांडची.

हुटरची माणसं देशोधडीला लागली. आज कॅनडात आणि अमेरिकेत हजारो हुटराइट सामाईक शेती करतात, एकाच पंगतीत जेवतात आणि त्या टोपीवाल्याचं नाव लावतात.