क्रॉसबार स्विच: एका बोटाची करामत

क्रॉसबार स्विच म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका लाइनला दुसरी जोडून देणारं यंत्र. आजचा बराचसा वेळ त्यातल्या एका बारीक तारेला देणार आहे. तिला सिलेक्टिंग फिंगर म्हणतात. आपण बोट म्हणू.

क्रॉसबारच्या आधीच्या स्ट्रोजर पद्धतीत वायपर, म्हणजे जोडणी करणारा फिरता हात, पायरीपायरीनं वर चढतो, मग घासत फिरतो. त्यात कॉन्टॅक्ट, म्हणजे जोडणीची धातूची टोकं, झिजतात, लाइनवर खरखर येते. क्रॉसबारमध्ये कॉन्टॅक्ट नुसते दाबले जातात. झीज कमी, म्हणून पॅलेडियमसारखा महाग धातू परवडतो. टोकंही जोडीनं असतात: एकावर धूळ बसली तरी दुसरं चालतं.

अमेरिकेतल्या बेल सिस्टिम या टेलिफोन कंपनी-समूहाचा स्विच घेऊ. उभ्या 20 ओळी, आडव्या 5 पट्ट्या. प्रत्येक आडवी पट्टी जराशी वर किंवा खाली कलते, म्हणून पातळ्या 10. क्रॉसपॉइंट, म्हणजे ओळ आणि पातळी जिथे जोडता येतात त्या जागा, झाले 200, विद्युतचुंबक म्हणजे मॅग्नेट मात्र 30: सिलेक्टचे 10, होल्डचे 20. ही काटकसर बोटामुळे साधते.

सिलेक्ट मॅग्नेट ओढला की पट्टी कलते आणि तिच्यावरची वीसही बोटं आपापल्या कॉन्टॅक्टपाशी सरकतात. मग हव्या त्या ओळीचा होल्ड मॅग्नेट ओढतो. तिथलं बोट चिमटीत सापडतं आणि कॉन्टॅक्ट मिटतात. आता सिलेक्ट मॅग्नेट सोडून द्यायचा. पट्टी जागेवर येते, 19 बोटं परततात, अडकलेलं एक लवचीक असल्यानं वाकून तिथेच राहतं. कॉल संपेपर्यंत वीज लागते ती फक्त होल्डला. पट्टी पुढच्या कॉलला मोकळी!

बोट लवचीक म्हणूनच ते थरथरतं. थरथर थांबायच्या आत होल्ड ओढला तर बोट निसटतं आणि जोडणी होत नाही. त्यासाठी बोटाच्या बुडाशी थरथर शमवणारी स्प्रिंग असते. दोन सिलेक्ट मॅग्नेट एकदम ओढले गेले तर एकाच ओळीवर दोन पातळ्या जुळतात, म्हणजे दोन कॉल एकमेकांत.

हे सगळं हाकतो तो मार्कर. नंबरचे आकडे रजिस्टर गोळा करतो, त्यात कित्येक सेकंद जातात. मार्कर मात्र साधारण सेकंदाच्या आत मोकळा मार्ग शोधून, जोडून, सुटतो. म्हणून हजारो लाइनींना मोजके मार्कर पुरतात. धोकाही तिथेच: स्ट्रोजरचा एक सिलेक्टर बिघडला तर थोडे कॉल अडतात, मार्कर बिघडला तर सगळीकडे बोंब. 1948 मध्ये सुरू झालेल्या बेलच्या नंबर 5 क्रॉसबारमध्ये मार्कर अडखळला की ट्रबल रेकॉर्डर कार्डाला भोकं पाडून तपशील नोंदवतो. एका कार्डावरून निदान करू नये. चार-सहा कार्डांत तीच लिंक, म्हणजे दोन स्विचमधला जोडमार्ग, दिसली तर त्या लिंकचे कॉन्टॅक्ट आधी पाहावेत.

आपल्याकडे बेंगळुरूच्या आयटीआयनं (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) बनवलेली पेंटाकोंटा एक्स्चेंजही क्रॉसबारच होती, पण युरोपी घराण्यातली.

हीच जाळीदार मांडणी आज एमटी8816 या चिपमध्ये मिळते: 8 गुणिले 16, म्हणजे 128 क्रॉसपॉइंट. सात बिटांचा पत्ता द्या, डेटा पिननं मिटवायचं की उघडायचं ते सांगा, स्ट्रोब, म्हणजे 'आता कर' असा इशारा, द्या. चिपमधला लॅच ती स्थिती धरून ठेवतो. नवा पॉइंट मिटवला म्हणून जुना आपोआप उघडत नाही, तो वेगळा उघडावा लागतो. वीज आल्यावर पहिल्यांदा रीसेट द्या. आणि यातून फक्त आवाज न्यायचा. लाइनचे 48 व्होल्ट किंवा घंटीची वीज सोडलीत तर चिप गेलीच.